रिकामी

निवडणूक लागली की आमची बंदूक खानापूरला जाते,
ठाण्यात, पावतीवर, निकाल लागेपर्यंत.
डुकरांना कुठली आचारसंहिता, आई म्हणते
आणि भाताच्या कडेनं पत्र्याचे डबे बांधायला घेते.

आदल्या रात्री आप्पा तेलाचं फडकं काढतात.
एकनळी, बारा बोरची, दस्त्याला तांब्याच्या तारेचे चार वेढे.
सकाळी घोंगडीत गुंडाळून ती त्यांच्या खांद्याला,
काडतुसं माझ्याकडं, शाळेच्या जुन्या डब्यात.
सात. घरी मोजलेली, फाट्यावर परत मोजलेली.
दोन्ही एका पिशवीत कधीच नाही.
मी चालायचं त्यांच्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागं.
लहानपणी वाटायचं, मान म्हणून.

आमच्या घरात एक शब्द बोलत नाहीत.
घागरीत पाणी नसलं तर, घागर बघून ये.
कणगी सरली तर, कणगीत हात घाल.
भावकाण्णाची नवी बायको, चिगुळ्याची,
पहिल्याच दिवशी तेलाच्या बुधल्याला म्हणाली, रिकामा.
ताटावरचे हात थांबले. कुणी रागावलं नाही.
मष्णूकाकानं फक्त टोपी वर सरकवली
आणि तिला दाखवलं, कान कुठवर आहे.

माझ्या जन्माआधीची गोष्ट.
माळ्यावर काका, खाली आप्पा,
धुकं, भातात खसखस.
आप्पांनी बंदूक वर दिली, नळी वर, दस्ता खाली,
"वड की रे. रिकामी हाय."
काकानं नळीला धरून ओढली.
माळ्याच्या बांबूला एक खुंट राहिला होता, बोटाएवढा.

काका सांगतो, आवाज ऐकूच आला नाही, नुसता उजेड.
पाळी गेली, पाळीतली सोन्याची बाळी गेली.
अजून त्या वाफ्यात नांगर धरला की मान खाली असते त्याची.
बायका म्हणतात, केवढं मन लावून नांगरतोय.
चापावर कुणाचंच बोट नव्हतं.
आप्पा म्हणतात, माझी जीभ होती.

ठाण्यात नवा पोलीस, गोकाककडचा, कोवळा.
रजिस्टरातनं मान न काढता विचारतो,
"खाली ऐतेनु?"
आप्पांना कानडी येतं. हौद्री म्हणता येतं.
ते नळी जमिनीकडं करतात, बंदूक मोडतात,
करंगळी आत घालून फिरवतात
आणि म्हणतात, "नोड्री."
तो हसतो, पेन पुढं करतो, सही करा.
"नोड्री."
मागं बाकावर जामिनाची माणसं. कुणीतरी चुकचुकतं.
"नोड्री, साहेब."

शेवटी उठतो पोरगा. डोळा लावतो.
मग आप्पा मला बोलावतात, बंदूक मोडलेलीच वर धरतात,
आणि मी पण बघते:
नळीच्या पल्याड भिंतीवरच्या कागदातलं
एकच कानडी अक्षर, गोल, पोटात टिंब.
ठाण्याचा ठ.
एवढं दिसलं म्हणजे झालं, आप्पा म्हणतात,
आणि मगच सही करतात, मराठीत, सावकाश,
लुमाण्णा नागोजी गावडे.

परतीच्या बसला गर्दी. जांबोटीपर्यंत उभेच.
खांद्यावर आता नुसती घोंगडी.
माझ्या हातातला डबा वाजत नाही.
पुढच्या सीटवर एक लेकरू,
आईच्या खांद्यावरनं आप्पांकडं टक लावून.

आप्पा हळूच वळतात. उजवा खांदा खिडकीकडं करतात,
नसलेली नळी बाहेर, रानाच्या वर.
आणि मलप्रभेच्या पुलावर बस हादरली
तेव्हा त्यांचं बोट बघितलं मी,
घोंगडीवर सरळ ताणलेलं,
कशालाच न टेकलेलं.